ओहोळ वळवण्याआधी तो पावसाळ्यात मोजा : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष शेतकरी. माझी बाग धरणाच्या कालव्यावर आहे. पेठच्या बाजूने उतरून समुद्राला मिळणारे घाटमाथ्यावरचे ओहोळ अडवून आमच्या धरणात सोडावेत, ही मागणी आमच्याच भागातली, आणि ती मलाही मान्य आहे. मांजरपाडा वळण योजनेच्या बोगद्यातून पश्चिमेकडे वाहणाऱ्या पार नदीच्या खोऱ्याचं पाणी पुणेगाव धरणात आलेलं आम्ही पाहिलं आहे. पेठ-सुरगाण्यात २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या येवल्यात जेमतेम ५००. पाणी वळवावं असं कुणालाही वाटेल.

माझी तक्रार पाणी वळवण्याचे पर्याय तपासण्याच्या पद्धतीबद्दल आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे पाहणीला माणसं आली ती मे महिन्यात. ओहोळ कोरडा ठणठणीत होता. नकाशावर रेघा मारल्या, फोटो काढले, अर्ध्या दिवसात परत गेली. पावसात कुणी फिरकलं नाही.

वर्षाला अमुक दलघफू (दशलक्ष घनफूट) पाणी वाहून जातं, एवढा एकच आकडा पुढे येतो. ते वाहतं कधी, हे कुणी सांगत नाही. आमचे ओहोळ जुलै-ऑगस्टच्या मोजक्या दिवसांत फुगतात. पाऊस चांगला असला की त्याच दिवसांत आमचं धरणही भरत आलेलं असतं. तेव्हा आणलेलं पाणी सांडव्यावरून खाली जाणार. ते वाया जात नाही, जायकवाडीला मिळतं, आणि २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या, वरच्या-खालच्या धरणांतल्या समन्यायी वाटपाच्या हिशेबात त्याला मोल आहे. पण मग अहवालात तसंच लिहा. ते दिंडोरीच्या लाभक्षेत्राच्या नावावर मांडू नका. खरा प्रश्न २०२३ सारख्या कमी पावसाच्या वर्षाचा आहे. अशा वर्षी ओहोळात किती पाणी येतं आणि त्यातलं कालव्यात किती मावतं? निदान तीन पावसाळे मोजपट्टी लावून रोजच्या नोंदी ठेवा, त्या धरणाच्या रोजच्या साठ्याशेजारी मांडा. कोणता पर्याय किती पाण्याचा, ते त्यानंतरच कळेल.

पर्याय तसे दोनच दिसतात. बंधारा वर, माथ्याजवळ बांधला तर पाणलोट लहान मिळतो, पण पाणी चरातून किंवा बोगद्यातून आपल्या उताराने येतं. खाली बांधला तर पाणी जास्त, पण ते उपसावं लागतं. एक दलघफू पाणी १०० मीटर उचलायला पंपाची तूट धरून १०,००० युनिटच्या वर वीज लागते, तीही दरवर्षी. हे बिल पाणीपट्टीत बसणारं नाही. बिल थकून बंद पडलेल्या उपसा योजना शेतकऱ्यांनी पाहिल्या आहेत. म्हणून मी वरच्या, लहान, प्रवाही वळण बंधाऱ्यांच्या बाजूचा आहे, पाणी कमी मिळालं तरी चालेल. मात्र घाटातल्या चरात दरवर्षी दरड येते, गाळ भरतो. तो काढायची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात हवी.

आता जे सांगतो त्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. माझी आत्या पेठ तालुक्यात दिली आहे. भाताच्या आवणीच्या दिवसांत तिच्या गावात घराबाहेर पडवत नाही इतका पाऊस असतो, आणि एप्रिलमध्ये तीच बाई झिऱ्याकाठी बसून वाटीने हंडा भरते. काळ्या खडकात पाणी मुरत नाही, साठवायची सोय नाही. तिच्या शिवारावरचं पाणी माझ्या द्राक्षांना यायचं असेल, तर तिच्या गावाची साठवण त्याच अंदाजपत्रकात, त्याच निविदेत धरा आणि ती आधी पुरी करा. पुढच्या टप्प्यात बघू, असं सांगू नका. पाऊस ओसरला की वळणाचं दार बंद होऊन उरलेली सगळी धार ओहोळाला मिळेल, अशी रचना बंधाऱ्यातच असू द्या. पेठ आणि सुरगाणा अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतात. तिथल्या ग्रामसभांना आराखडा ठरण्याआधी विचारा, जमीन घ्यायच्या वेळी नव्हे.

येत्या आषाढात मोजणीला माणसं पाठवा. जागा दाखवायला मी बरोबर येईन. आत्याच्या गावचे लोकही येतील, फक्त त्यांना चार दिवस आधी निरोप द्या, आवणी सोडून यावं लागतं.

आपला,
दिंडोरी तालुक्यातील एक शेतकरी