तुरीच्या भावाखाली रोख्यांचाही भाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात सरकारी रोख्यांवर, म्हणजे सरकार लोकांकडून कर्ज घेतं त्याच्या कागदांवर, लेख आला होता. त्यातल्या ‘यात एका पैशाचीही जोखीम नाही’ या वाक्यापाशी मी अडलो. लातूरच्या मार्केट यार्डात एका अडतीवर चाळीस वर्षं मुनिमकी केली. ज्याला भाव आहे त्याला पडझड आहे, एवढं त्या गादीवर बसून कळलं. सरकार पैसे बुडवणार नाही हे कबूल. पण पैसे बुडणं वेगळं आणि मुदतीआधी विकायची पाळी आल्यावर हात पोळणं वेगळं. माझे पोळले आहेत, म्हणून हे पत्र.

2021 च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं ‘रिटेल डायरेक्ट’ सुरू केलं. आपल्यासारख्यालाही घरबसल्या सरकारी रोखे घेता येऊ लागले, दहा हजारांपासून. मुलानं मोबाइलवर खातं उघडून दिलं. औसा रोडचा प्लॉट विकून आलेले पैसे बँकेत पडून होते. पतसंस्थेत ठेवायचं धाडस नव्हतं; आमच्या गल्लीत तेरा टक्क्यांच्या नादात मुद्दलाला मुकलेली दोन घरं आहेत. डिसेंबरात बाजारातून ‘6.10 टक्के, 2031’ हे रोखे घेतले. शंभराला वर्षाकाठी सहा रुपये दहा पैसे व्याज, ते 12 जानेवारी आणि 12 जुलै अशा दोन हप्त्यांत, आणि 2031 च्या जुलैत शंभर परत. भाव 98 होता. चार लाखांचे रोखे म्हणजे 3,92,000 रुपये व्हायला हवेत. खात्यातून गेले 4,02,031.

मी मुलावर उखडलो. दहा हजार एकतीस कुणाच्या घशात गेले? अडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही. रात्री वही घेऊन बसलो तेव्हा उलगडलं.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात गाभण देवणी गाय उभी असली की गिऱ्हाईक आधी विचारतं, कितवा महिना? वासरू अजून पोटात आहे, पण इतके महिने चारा विकणाऱ्यानं घातलाय, त्याचं मोल तो सोडणार नाही. रोखेही असेच गाभण असतात. 12 जुलैला आधीचा हप्ता झाला होता, माझा व्यवहार पुरा झाला 10 डिसेंबरला. मधल्या 148 दिवसांचं व्याज जुन्या मालकाचं (या हिशेबात महिना तिसाचा आणि वर्ष 360 दिवसांचं धरतात). ते मी त्याला आगाऊ चुकतं केलं. 12 जानेवारीला खात्यात 12,200 रुपये आले, त्यातले 10,031 माझेच मला परत. खरी कमाई 32 दिवसांची, 2,169 रुपये. पडद्यावर दिसतो तो भाव हे पोटातलं व्याज वगळून असतो. आपल्या लेखात याचं नावही नव्हतं.

हे तरी कळलं. पुढची चूक मात्र मुनिमाला शोभणारी नव्हती. 4 मे 2022 ला रिझर्व्ह बँकेनं अचानक रेपो दर (ती बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो) 4 वरून 4.40 टक्के केला. दुसऱ्या दिवशी वाचलं, ‘रोख्यांचं यील्ड उसळलं’. मला वाटलं, आपला माल तेजीत आला. बायकोला म्हणालो, पेढे आण. ते गोड लागले, कारण भाव बघायची बुद्धी महिनाभर झाली नाही.

जूनमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि लाखभर रुपये हवे होते. रोख्यांचा भाव 91 च्या घरात. शिवाय तो मोठ्या सौद्यांचा. बँका आणि विमा कंपन्या तिथं कोटींत खेळतात. माझ्या एक लाखाच्या चिमुकल्या लॉटला बोली लागली 90 रुपये 40 पैसे. यार्डात पंधरा क्विंटलची गाडी उभी राहिली की खरेदीदार धावत येतो आणि गोणीभर माल आणणाऱ्या म्हातारीला ‘थांब’ म्हणतो, तेच. दिले विकून. शंभरामागं साडेसात रुपयांनी बसलो.

भाव का पडला ते आता कुणालाही सांगू शकतो. नवे रोखे साडेसात टक्के द्यायला लागल्यावर माझ्या 6.10 वाल्याला शंभर कोण देणार? व्याज तर छापलेलं, बदलत नाही. मग भावच उतरतो. 91 ला घेणाऱ्याला 91 वर सहा रुपये दहा पैसे मिळतात आणि शेवटी शंभर हातात पडतात, म्हणजे नऊ वर्षांत नऊ रुपये वर. हे सगळं धरून त्याला साडेसात टक्के पडतात. त्यालाच यील्ड म्हणतात. ते चढलं की भाव उतरला. तागडीची दोन पारडी. मुदत लांब तेवढा झोका मोठा. दर एका टक्क्यानं वाढला तर दोन वर्षं उरलेल्या रोख्यांना दोन रुपयांच्या आतच फटका बसतो, माझ्यासारख्या नऊ वर्षांच्यांना सहा-सात रुपयांचा.

उरलेले तीन लाखांचे मी विकले नाहीत. 2025 मध्ये रेपो दर जूनपर्यंत साडेपाचवर आला आणि तेच रोखे शंभराच्या आसपास पोचले. मी शहाणा होतो म्हणून नव्हे, गरज पडली नाही म्हणून. मुद्दा एवढाच की पुढच्या दोन-तीन वर्षांत लग्न, बांधकाम, दवाखाना काही दिसत असेल तर लांब मुदतीचे रोखे घेऊ नयेत, सरकार कितीही पक्कं असलं तरी. कंपन्यांच्या रोख्यांचं तर बोलायलाच नको. बारा टक्के सांगत फोन येतात. सरकार सहा-सात देत असताना हा बारा देतोय, तर वरचे पाच कशाचे, हे फोनवर कुणी सांगत नाही.

आता विनंती. आपण रोज सोयाबीन, तूर, हरभरा आणि सोन्याचा भाव छापता. त्याखाली दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा भाव आणि यील्ड, दोन्ही छापा. जागा तुरीच्या ओळीएवढीच लागेल. आणि ‘यील्ड उसळलं’ असा मथळा द्याल तेव्हा त्यालाच ‘भाव उतरले’ हे दोन शब्द जोडा.

आपला,
एक निवृत्त मुनीम, लातूर