सातव्या रकान्यात काय लिहायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की कपाळ मोकळं, देव्हारा धूळ खात पडलेला, श्रावणातही मटण सुटत नाही, अशा माणसाने स्वतःला हिंदू म्हणवून घेऊ नये. हेच बोलणं दुसऱ्या बाजूनेही मी ऐकलंय. 'दाढी नाही, शुक्रवारचासुद्धा मशिदीत दिसत नाही, हा कसला मुसलमान?' खुणा वेगळ्या, पट्टी तीच.

या पट्टीपायी मी स्वतः एकदा तोंडावर आपटलोय, म्हणून हे पत्र.

प्राथमिक शिक्षक असताना मी 1991, 2001 आणि 2011 अशा तीन शिरगणत्या केल्या. 2011 च्या फेब्रुवारीत माझ्याकडे कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या बाजूचा भाग होता. एका घरासमोर दोन म्हशी बांधलेल्या, ओसरीवर पंचाहत्तरीचे आजोबा. धोतर, फेटा, पायात करकर वाजणारं पायताण. नाव सांगितलं बापू, आडनाव पाटील. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर अंबाबाई. मी भराभर लिहीत सुटलो. नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, लग्न, लग्नाच्या वेळचं वय. सातवा रकाना धर्माचा. तिथं न विचारताच 1 हा आकडा टाकला (1 म्हणजे हिंदू) आणि पुढे सरकलो.

"गुर्जी, जात-धर्म इचारत न्हाईत व्हय औंदा?"

"लिहिलंय की बाबा."

"काय लिवलासा?"

मी सांगितलं. म्हातारा खो खो हसला आणि आत तोंड करून ओरडला, "ऐकलीस का गं, गुर्जींनी आपल्याला हिंदू केलं!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मुसलमान लिवा. आकाडी एकादस धरतोय मी, त्यो भाग येगळा. आई धरायची माझी."

मी खाडाखोड करून शेजारी सही मारली. त्या खाडाखोडीवरून पर्यवेक्षकांनी नंतर चारचौघांत सुनावलं. रास्तच होतं. प्रशिक्षणात बजावून सांगितलेलं असतं की माणूस जो धर्म सांगेल तो जसाच्या तसा लिहायचा. वाद घालायचा नाही, नावावरून ठरवायचं नाही. कुटुंबप्रमुखाचा धर्म तोच सगळ्या घराचा असंही धरायचं नाही, प्रत्येकाचा वेगळा विचारायचा. आणि आपल्या जिल्ह्यात तर आडनावावर विसंबणं म्हणजे वेडेपणाच. शिरोळ-हातकणंगल्याकडे पाटील मराठा असतो, जैन असतो, लिंगायत असतो, मुसलमानही असतो. देसायांचंही तेच.

त्याच पंधरवड्यात एका जैन घरात वेगळीच तऱ्हा. आजोबा दिवेलागणीच्या आत जेवणारे, कांदा-लसूण वर्ज्य, पहाटे उठून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जाणारे. धर्म विचारला तर म्हणाले, "हिंदू लिहा की, काय फरक पडतोय?" नातू कॉलेजला. आदल्याच रात्री तो मला रंकाळ्यावर ऑम्लेटच्या गाडीपाशी दिसला होता. तो ताडकन म्हणाला, "माझं जैनच लिहायचं, सर." पाळणूक बघून लिहायचं म्हटलं तर दोघांचे आकडे अदलाबदल करावे लागले असते. मी सांगितलं तसं लिहिलं. पुढे 2014 च्या जानेवारीत जैनांना देशपातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तेव्हा मला त्या नातवाची आठवण झाली.

जाता जाता एक गंमत. जनगणनेचा कायदा 1948 चा. उत्तरं देणं बंधनकारक, पण नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नसेल तर ते सांगायची सक्ती बाईवर करता येत नाही, अशी त्यात चक्क तरतूद आहे. धर्माच्या प्रश्नाला मात्र त्यात अशी सूट नाही.

पत्रलेखकांना मी विचारतो, वागण्यावरूनच ठरवायचं तर मोहरमचं काय करणार? आपल्या शहरात पंजे (मोहरमची निशाणं) बसतात ते तालमींत आणि हिंदूंच्या घरांतसुद्धा. बाबूजमाल दर्ग्याच्या चौकटीवर गणपती आहे. गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले की कुरुंदवाडला मशिदींत गणपती बसतो. ऐक्याचे फोटो म्हणून हे आपल्या पेपरात छापून येतंच, त्यात मी भर घालत नाही. माझा मुद्दा हिशेबाचा आहे. बाहेरगावच्या माणसाला वही देऊन 'बघ आणि लिही' म्हटलं, तर निम्मं गाव तो चुकीच्या रकान्यात घालेल.

दुसऱ्याने बघून ठरवण्याचा चटका या गावात खुद्द राजाला बसलाय. 1899 साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाला गेलेल्या शाहू महाराजांना कळलं की भटजी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणतोय, कारण त्याच्या लेखी महाराज क्षत्रिय नव्हतेच. त्यातून वेदोक्ताचं एवढं मोठं प्रकरण उभं राहिलं. तो वाद वर्णाचा होता, धर्माचा नव्हे, हे मला कळतं. पण 'तू कोण ते मी सांगणार' हा ताठा तोच आहे.

आता माझ्या विरोधात जाणारी गोष्टही सांगतो. 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका महिलेचा दावा फेटाळला. तिचा बाप्तिस्मा झालेला, ती चर्चला नियमित जायची. नोकरीसाठी मात्र हिंदू म्हणून अनुसूचित जातीचा दाखला मागत होती. तिथं न्यायालयाने तोंडी सांगण्यापेक्षा वागणं धरलं. बाप्तिस्मा झाला तेव्हा ती तान्ही होती, हे मला अजूनही टोचतं. पण सरकारकडे सवलत मागितली की सरकार पुरावा मागणार, तेवढं मी मान्य करतो. श्रावणात मटण खाणाऱ्या शेजाऱ्याने पत्रलेखकांकडे कसली सवलत मागितली होती? उलट 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की सरकारी अर्जात धर्म लिहायची सक्ती करता येत नाही, 'मला धर्म नाही' असंही नागरिक म्हणू शकतो. माझ्या एका सहकारी गुरुजींनी 2001 लाच तसं सांगितलं होतं. गणपतीला ते आमच्याकडे न चुकता मोदक खायला येतात.

पुढच्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही तारीख ठरली आहे. या वेळी सगळं मोबाइलवर, त्यात जातही विचारणार. आकडा लिहायला निदान पेन टेकवावं लागायचं. बोटाने टिचकी मारायला तेवढाही वेळ लागत नाही, म्हणून मला जास्त धास्ती वाटते. माझी सून शिक्षिका आहे, तिलाही हे काम लागेल. परवा तिला बापूंची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "निदान आपल्या घरचं तरी न विचारता भरता येईल की." मी म्हटलं, "तुझ्या सासूला कधी विचारलंयस?"

ती स्वयंपाकघरात गेली. अर्ध्या तासाने चहा मागायला मी डोकावलो, तर दोघी अजून बोलतच होत्या.

आपला,
पाटील गुरुजी (निवृत्त)
कोल्हापूर