विषय: आमच्या ठकीवरच्या (जुन्या लाकडी बाहुलीवरच्या) खुणा बुजवल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, वारसा-वस्तू जतन विभाग

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला पाचवा फोन केला. सहावा करणार नाही. यापुढे जे काही व्हायचं ते लेखी होऊ दे.

तुमच्या 'जतन' पॅकेजमध्ये वस्तूची सफाई आणि ती ठेवायची पेटी येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मोठ्या पेटीचे 6,800 रुपये आगाऊ भरून मी आमची लाकडी ठकी तुमच्या ठाण्याच्या केंद्रात स्वतः नेऊन दिली. कुरियरवर विश्वास नव्हता म्हणून डोंबिवलीहून लोकलने, मांडीवर धरून नेली. अर्जातल्या 'विशेष सूचना' या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं आहे: 'कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी. रंगवू नये. काहीही बुजवू नये. पेटी हवाबंद नको.' खाली तुमच्या माणसाची सही आणि शिक्का आहे. प्रत सोबत जोडली आहे. या चारांपैकी एकही सूचना तुम्ही पाळली नाही.

ठकी वीतभर उंचीची. आई एक वर्षाची असताना, 1951 साली, आजीने ती सावंतवाडीच्या चितार आळीतून आणली. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, बाळाच्या हाताला पेलणारं, आणि मऊ. म्हणूनच तिच्या मानेमागे आईच्या पहिल्या दातांचे चार ठसे उमटले. त्याखाली माझे दोन. डोक्यावर मधोमध एक भोक होतं. बाहुला-बाहुलीच्या लग्नात मुंडावळ्या टिकेनात, म्हणून माझ्या मोठ्या बहिणीने तिथे चूक (बारीक खिळा) ठोकली होती. आजीचा धपाटा तिने खाल्ला, पण चूक लग्न लागेपर्यंत काढू दिली नाही. उजव्या कुशीला चुलीजवळ पडून करपलेला काळा डाग होता. लाल लुगड्याचा रंग पोटावरून उडाला होता, कारण आम्ही सगळ्या तिला तिथेच धरायचो.

परत आली ती ठकी गुळगुळीत होती. दात बुजवलेले, भोक बुजवलेलं, करपलेलं घासून काढलेलं. वरून चकचकीत ऑइलपेंट. चेहऱ्याला नवे डोळे, पापण्यांसकट. आमच्या ठकीला पापण्या नव्हत्या.

माझी आई आता दृष्टीने अधू आहे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्यातच जमा आहेत. ती माणसं आवाजाने ओळखते आणि वस्तू बोटांनी. पेटी उघडून मी ठकी तिच्या हातात दिली. तिने सवयीने अंगठा मानेमागे नेला. तिथे काही लागेना, तसा पुन्हा नेला. मग डोकं चाचपलं. मग ठकी माझ्या हातात परत देत म्हणाली, "ही आमची ठकी न्हय." मी तीनदा सांगितलं की तीच आहे, रंगवली आहे. तिने पुन्हा हातात घेतली नाही.

आता कालचा फोन. तुमच्याकडे संभाषण रेकॉर्ड होतं, तेव्हा मी लिहिते तसंच आहे का ते ऐकून पाहा. वीस मिनिटं वाट पाहिल्यावर 'वरिष्ठ अधिकारी' म्हणून एक गृहस्थ आले. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, खड्डे भरायचा चार्ज वेगळा असतो. तुम्हाला आम्ही तो फ्रीमध्ये करून दिलाय."

मी म्हटलं, ते खड्डे नव्हते, माझ्या आईचे दात होते.

ते म्हणाले, "म्हणजे डॅमेजच ना?"

मी अर्जातली सूचना वाचून दाखवली. त्यावर, "टेक्निशियनला बेस्ट वाटलं ते त्याने केलं. पीस किती फ्रेश दिसतोय, फोटो बघा ना." मी विचारलं, आईला दिसत नाही, तिला फोटो कसा दाखवू? पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "मॅडम, अशी लाकडी बाहुली ऑनलाइन 400 रुपयांत मिळते. तेवढे आम्ही वॉलेटमध्ये टाकतो. पुढच्या ऑर्डरला वापरा."

पुढची ऑर्डर! घरातली दुसरी कुठली वस्तू आता तुमच्या हाती द्यायची? आजीचा कुंकवाचा करंडा देऊ, त्याच्या तळाचं कुंकू खरवडून काढायला? फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत मेसेज आला, 'आमच्या सेवेला पाच तारे द्या.' तो वाचून मी रडले, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

कामाबद्दलही लिहिते, कारण तुम्ही स्वतःला जतन करणारे म्हणवता. तुमच्या कामाच्या पावतीवर 'स्पिरिट क्लीनिंग' असं छापलं आहे. अशा जुन्या रंगावर बहुधा लाखेचा हात असतो. फ्रेंच पॉलिश चपडी लाख स्पिरिटात विरघळवूनच करतात, हे आमच्या गल्लीतला सुतार सांगेल. लाखेच्या वस्तूवर स्पिरिटचा बोळा फिरवला की वरचा थर सुटणारच, आणि खालचा रंग उघडा पडणार. तो सुटला, म्हणून मग ऑइलपेंट आलं असणार. आणि पेटी हवाबंद नको असं लिहिलं असताना चारही बाजूंनी सिलिकॉन भरून दिलीत. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं. आत कोंडलेल्या दमटपणाला वाट कुठून मिळणार? साधी सिलिका जेलची पुडीसुद्धा आत नव्हती. वर 'दिव्याखाली ठेवा' असं माहितीपत्रक. उजेडाने रंग विटतो हे जतन करणाऱ्याला माहीत नसावं?

पुन्हा सांगते, मी लिहून दिलं होतं. काहीही बुजवू नये. लिहून दिलं होतं.

ही ठकी पुढच्या महिन्यात माझ्या नातीच्या बारशाला पाळण्यात ठेवायची होती. आईने आपल्या हाताने ठेवायची, असं तिच्याच मनात होतं. तेवढ्यासाठी तुमच्याकडे आले होते, की वस्तू आहे तशी अजून दोन पिढ्या टिकावी. तुमच्या जाहिरातीत 'आठवणी जशाच्या तशा' असं लिहिलं आहे. मी त्या शब्दांवर विश्वास ठेवला.

माझ्या मागण्या साध्या आहेत. 6,800 रुपये पूर्ण परत हवेत, वॉलेटमध्ये नव्हे, बँक खात्यात. काम सुरू करण्याआधी तुम्ही काढलेले सगळे फोटो हवेत. पावतीवर तसे फोटो काढल्याचं लिहिलं आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं, भरलेली पुट्टी कोणती, रंग कोणता, वॉर्निश कोणतं, हे टेक्निशियनच्या सहीनिशी लेखी हवं. ते कळलं तर दातांवरची पुट्टी इजा न करता निघेल का, हे एखाद्या जाणकाराला तरी विचारता येईल. तुम्ही स्वतः ती काढायला येऊ नका. ठकीला तुमचा हात पुन्हा लागू देणार नाही.

15 दिवसांत उत्तर आलं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. 5 लाखांच्या आतल्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. अर्जाची प्रत, पावती आणि तुमचा पाच ताऱ्यांचा मेसेज, तिन्ही फाइलला लावून ठेवले आहेत.

तुमची पेटी रिकामी आहे, माणूस पाठवून घेऊन जा. ठकी धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. ती आली का, असं आई अजून विचारते.

आपली,
डोंबिवलीची एक ग्राहक
सोबत: अर्जाची प्रत, पावती, ठकीचे आधीचे दोन घरगुती फोटो