रनिंग फूट म्हणजे नेमके किती फूट?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये ‘संपूर्ण मॉड्युलर किचन फक्त इतक्या रुपयांपासून’ अशा जाहिरातींची रीघ लागते. त्यातला आकडा बोटभर उंचीचा असतो आणि ‘पासून’ हा शब्द मात्र भिंग लावून शोधावा लागतो. पुनर्विकासानंतर कोथरूडमधील आमच्या इमारतीत नव्या सदनिकेचा ताबा मिळाला आणि हा ‘पासून’ कुठवर जाऊन पोहोचतो, याचा गेल्या तीन महिन्यांत मी पुरेपूर अनुभव घेतला. मी राज्य शासनाच्या वजनमापे खात्यातून, म्हणजे आताच्या वैधमापनशास्त्र यंत्रणेतून, निवृत्त झालो आहे. दुकानदाराशी मापावरून हुज्जत घालण्यात माझी हयात गेली. तरीही स्वतःच्या ओट्याखाली ट्रॉल्या बसवून घेण्यासाठी मागवलेली तीन दरपत्रके जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली, तेव्हा त्यांपैकी स्वस्त कोणते हे मला सांगता आले नाही.

आमचा ओटा काटकोनात वळणारा आहे. एका भिंतीलगत तो १० फूट आणि दुसऱ्या भिंतीलगत ६ फूट भरतो. रुंदी २ फूट, वर काळा ग्रॅनाइट आणि खाली कडप्प्याच्या उभ्या फरश्यांचे कप्पे. खर्चाची मर्यादा आम्ही १,६०,००० रुपये ठरवली होती. एका शोरूमने संगणकावर रंगीत चित्र काढून १,९५,००० रुपयांचे ‘पॅकेज’ सांगितले. शहराबाहेरील एका ट्रॉलीच्या कारखान्याने ८,००० रुपये रनिंग फूट, म्हणजे ओट्याच्या लांबीच्या दर फुटाला, या दराने १६ फुटांचे १,२८,००० रुपये लिहून दिले. तिसरे आमचे जुन्या घरापासूनचे सुतार. त्यांनी समोरून दिसणाऱ्या दारांच्या चौरस फुटावर मजुरी सांगितली आणि ‘माल तुम्हीच भवानी पेठेतून आणा, मी बरोबर येतो’ असे सुचवले. एक भाव पॅकेजचा, दुसरा लांबीचा, तिसरा क्षेत्रफळाचा. भाजी मंडईत एकाने किलोवर, दुसऱ्याने जुडीवर आणि तिसऱ्याने टोपलीवर भाव सांगावा, तसाच हा प्रकार झाला.

कारखान्याचे १६ फूट कुठून आले, हे पाहण्यासाठी मी टेप घेऊन ओट्याखाली बसलो. दोन्ही भिंतींवरची मापे घेऊन त्यांची बेरीज केली होती, त्यामुळे कोपऱ्यातला दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा दोन्ही बाजूंनी मोजला गेला होता. कोपरा एकदाच धरला तर लांबी १४ फूट भरते, म्हणजे फरक १६,००० रुपयांचा. शिवाय त्या कोपऱ्यात ना धड ट्रॉली बसते ना हात पोहोचतो. कारखानदाराला विचारले तेव्हा त्यांनी न रागावता सांगितले, “साहेब, या धंद्यात सगळे असेच धरतात.” ते खोटे बोलत नव्हते, हे नंतर आणखी दोन ठिकाणी चौकशी केल्यावर समजले.

घर घेताना ‘सुपर बिल्टअप’ या शब्दाने मध्यमवर्गीयांना किती वर्षे चकवले, हे वाचकांना आठवत असेल. जिना, लॉबी, लिफ्टची जागा असे सगळे त्या आकड्यात शिरत असे. २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या केली, ते करारात लिहिणे बंधनकारक झाले आणि निदान दोन सदनिकांची तुलना करणे शक्य झाले. स्वयंपाकघराच्या बाजारात आज रनिंग फूट नेमके त्या ‘सुपर बिल्टअप’चेच काम करतो आहे. त्यात खोली किती, उंची किती, मागची फळी धरली की नाही, जाळ्या आणि चॅनल (ड्रॉवर सरकण्याच्या पट्ट्या) धरले की नाही, यांपैकी काहीच कळत नाही. वास्तविक वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ च्या कलम ११ नुसार प्रमाणित मेट्रिक एकक सोडून अन्य कोणत्याही एककात भाव सांगणे किंवा दरपत्रक देणे यालाच मनाई आहे. फूट आपल्या जिभेवरून जाणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि सुताराला मीटरमध्ये भाव विचारण्याचे धाडस मीही केलेले नाही. पण फुटासोबत मिलिमीटरमधील माप, तेही प्रत्येक कप्प्याचे स्वतंत्र, लेखी मागितले तर कोणताही व्यावसायिक ते देऊ शकतो, कारण कटिंगसाठी त्याच्याकडे ते तयार असतेच.

मापानंतरचा प्रश्न मालाचा. ‘प्रीमियम वॉटरप्रूफ बोर्ड’ या शब्दांना काही अर्थ नाही. प्लाय, ब्लॉकबोर्ड, एमडीएफ, एचडीएचएमआर आणि पार्टिकल बोर्ड (भुसा दाबून केलेली फळी) या फळ्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण वरून एकाच रंगाचे लॅमिनेट लावले की सगळे सारखेच दिसतात. मरीन प्लायसाठी भारतीय मानक आयएस ७१० आहे आणि त्यातील चिकटपणाच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवावा लागतो. आमच्या सौभाग्यवतींनी तिन्ही ठिकाणांहून वीतभर तुकडे मागून आणले आणि ते जुन्या पातेल्यात चार तास उकळून रात्रभर तसेच ठेवले. ७२ तास उकळण्याइतका गॅस आमच्याकडे नव्हता आणि तशी गरजही पडली नाही. सकाळी कारखान्याचा तुकडा चहात बुडवलेल्या टोस्टासारखा फुगला होता. कडेची पट्टी सुटून आतला भुसा बोटाला लागत होता. तो पार्टिकल बोर्ड होता. शोरूमचा तुकडा कडेने किंचित जाड झाला. सुताराने दिलेला प्लाय जसाच्या तसा होता, फक्त पातेल्याला वास लागला. ही काही प्रयोगशाळेतील चाचणी नव्हे, परंतु सिंकखालच्या कप्प्यात पाच वर्षांनी काय होणार याची कल्पना येण्यास ती पुरेशी आहे. फळीवर ‘७१०’ असा शिक्का कोणीही मारू शकतो. त्यासोबत आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक आहे का हे पाहावे, आणि तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर घालून खात्री करावी.

स्टीलच्या जाळ्यांबाबत एक गैरसमज येथे नमूद करतो. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील ३०४ या चांगल्या दर्जाचे, असे विक्रेते छातीठोकपणे सांगतात आणि खिशातून चुंबक काढून दाखवतात. २०२ दर्जाच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, मात्र त्यात निकेल कमी असल्याने मिठाचा आणि ओल्या भांड्यांचा त्रास त्याला लवकर होतो. तेव्हा दर्जा बिलावर लिहून घेणे हाच त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग आहे.

मग मी एका कागदावर तक्ता आखला आणि तिघांनाही तोच भरून द्यायला सांगितला: लांबी १४ फूट, कोपरा एकदाच, सांगाडा ७१० प्लायचा, जाळ्या ३०४ च्या, ड्रॉवरचे चॅनल किती किलो वजनाचे, वाहतूक, बसवणी, जुने कप्पे तोडण्याची मजुरी आणि १८ टक्के जीएसटी धरून. आता कारखान्याचा हिशेब असा झाला: १४ फुटांचे १,१२,०००, प्लायचा फरक २१,०००, जाळ्या व ड्रॉवर ३८,०००, आणि त्यावर कर मिळून २,०१,७८०. शोरूमने प्लाय द्यायचे कबूल केल्यावर त्यांचा आकडा २,१२,००० झाला. पहिल्या दिवशी या दोघांत ६७,००० रुपयांचे अंतर दिसत होते, ते दहा हजारांवर आले. सुतारांचा अंदाज १,५८,००० होता, पण मजुरीचे बिल ते देणार नव्हते आणि त्यांच्या हातात आधीची दोन कामे होती.

बिलाचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. ‘बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील’ हे वाक्य मला दोन ठिकाणी ऐकवले गेले. काटकसर करणाऱ्याला ते गोड लागते. पण बिल नसले तर हमी कशाच्या आधारे मागणार? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने बिल किंवा पावती न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्क लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी सल्लाही घेता येतो. मात्र यांपैकी प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न कागदाचाच येतो. आमच्या मुलीने दोन वर्षांपूर्वी ५० टक्के आगाऊ आणि ४० टक्के माल निघण्यापूर्वी अशी रक्कम भरली होती. उभे कपाट चार इंच आखूड आले, आणि उरलेल्या १० टक्क्यांसाठी कोणीही फिरकले नाही, कारण त्या १० टक्क्यांपेक्षा कपाट पुन्हा करून देणे महाग होते. म्हणून मी ३० टक्के आगाऊ, माल घरी आल्यावर मोजून ४० आणि बसवल्यानंतर ३० असा हप्ता मागितला. शोरूमने नकार दिला, कारखानदाराने एक दिवस विचार करून होकार दिला.

तरीही दोन लाख आमच्या आवाक्याबाहेर होते. येथे मार्ग दाखवला तो सुतारांनी. सिंकखालचे आणि शेगडीखालचे कडप्प्याचे कप्पे तोडू नका, असे ते म्हणाले; कडप्पा फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, तेथे फक्त चौकट आणि दारे लावा. कारखानदाराला हे पटवायला वेळ लागला, कारण उभ्या फरश्या ओळंब्यात नसतात आणि चॅनलखाली पट्ट्या देत बसावे लागते. अखेर तीन कप्पे कडप्प्याचे ठेवले, महागड्या ड्रॉवरची संख्या पाचावरून दोनवर आणली, दारांना साधे लॅमिनेट निवडले, आणि सांगाड्याचा प्लाय मात्र ७१० चाच ठेवला. करासह १,४८,५०० रुपयांत काम झाले. चकचकीत ॲक्रिलिकची दारे नाहीत, याची खंत फक्त आमच्या सुनेला आहे.

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून कुटुंबांचे गट करून एकत्रित खरेदी करते. डाळ-तांदळात जे जमते ते ट्रॉल्यांत का जमू नये? आमच्या इमारतीत सर्व ओटे एकाच मापाचे आहेत. आतापर्यंत अकरा कुटुंबांनी एकत्र दरपत्रक मागवायचे ठरवले आहे आणि माझा तक्ता लिफ्टशेजारील फलकावर लावला आहे. आपणही अशा जाहिराती स्वीकारताना ‘पासून’ या शब्दामागे किती लांबी, कोणती फळी आणि कर धरून की सोडून, एवढे तरी छापण्याची अट घालावी, अशी विनंती आहे. कारखानदारांनी माझा तक्ता आपल्या दरपत्रकासाठी मागून नेला. शोरूमने मात्र आमच्या सॉफ्टवेअरमध्ये असा रकाना नाही, असे कळवले आहे.

आपला,
एक निवृत्त वजनमापे निरीक्षक,
कोथरूड, पुणे