‘वेलिंग्टन’चा पाया १५५२चा नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मँचेस्टरच्या ‘ओल्ड वेलिंग्टन’वरचा लेख वाचता वाचता माझा चहा निवला. ‘साडेचार शतकं जागचा न हललेला ट्यूडर पब’ असा मथळा. एवढ्याशा ओळीत दोन चुका करायला खरोखर कसब लागतं. ती वास्तू जागची दोनदा हलली आहे, आणि ट्यूडर राजवटीत (इंग्लंडचं राजघराणं, १४८५ ते १६०३) तिथे पब नव्हताच.

मी एरवी सोडून दिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी तुमच्याच पुरवणीत याच इमारतीवर, ती १५५२पासून जागची हललेली नाही असं सांगणारी, एक चौकट आली होती. ती कापून मी पाकिटात ठेवली आणि गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे मँचेस्टरला गेलो तेव्हा जावईबापूंना मुद्दाम तिथे घेऊन गेलो. बाहेरच्या अंगणात बाकावर बसलो. बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस मी, नजर जोत्याकडे जायचीच. ‘१५५२चा पाया आहे, कुठे तडा दिसतोय का बघा,’ असं म्हणत मी चांगली दहा मिनिटं बोललो. तेवढ्यात लेक आतून पेले घेऊन आली. म्हणाली, ‘बाबा, काउंटरवरचा मुलगा म्हणतोय, हे सगळं इथे १९९९मध्ये आणून बसवलंय.’ जावईबापू हसले नाहीत, मान खाली घालून पेला फिरवत राहिले. हसले असते तर परवडलं असतं.

घरी येऊन शोधलं. १९७०च्या दशकात शेजारी नवं बाजार-संकुल उभं करताना ही इमारत काँक्रीटच्या तळावर घेऊन पावणेपाच फूट वर उचलली. म्हणजे माझा ‘पाया’ तेव्हाच गेला. १५ जून १९९६च्या बॉम्बस्फोटानंतर शहराचा तो भाग नव्याने आखला, तेव्हा ही आणि शेजारची ‘सिंक्लेअर्स ऑयस्टर बार’ अशा दोन्ही इमारती सोडवून कॅथीड्रलच्या बाजूला नेल्या. आधी एका रांगेत होत्या, आता काटकोनात आहेत. मी ज्या अंगणात बसून प्रवचन झोडलं, ते अंगणच मुळी त्या काटकोनातून निघालेलं!

हे जमलं कसं? तर ओकचा लाकडी सांगाडा, एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून खुंटी मारलेले सांधे. खुंट्या काढा, लाकडांवर नंबर घाला, दुसरीकडे उभं करा. कुठलाही जुना सुतार समजावून सांगेल. तुमच्या लेखकाने यावर एक ओळ खर्चली नाही. बिअरच्या चवीवर मात्र दोन परिच्छेद.

आणि पबचं म्हणाल तर १५५४मध्ये बायरम घराण्याने ही वास्तू घेतली, तिथे त्यांचं राहतं घर आणि कापडाचं दुकान होतं. लेखात ज्या ‘तीन ट्यूडर मजल्यां’चं कौतुक आहे, त्यातला तिसरा सतराव्या शतकात चढवलेला. दारूचा परवाना आला १८३०मध्ये. त्यानंतरही वरच्या मजल्यांवर दुकानदारी चालूच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर तिथे गळ आणि मासेमारीचं सामान मिळायचं. म्हणजे पावणेतीनशे वर्षं जी वास्तू घर-दुकान होती, तिचं तुम्ही एका मथळ्यात गुत्त्यात रूपांतर केलंत.

त्या चौकटीनंतर, म्हणजे मँचेस्टरहून परतल्यावर, मी आपल्याला सविस्तर पत्र पाठवलं होतं. पोच नाही. दुरुस्तीही नाही. उलट तीच चूक आता फोटोसकट अर्ध्या पानावर. आणि विषय निघालाच आहे तर, गेले तीन रविवार शब्दकोड्याचं उत्तर छापलेलं नाही. आडवे सतरा अजून अडलेलं आहे.

पुढच्या महिन्यात लेक-जावई इकडे येत आहेत. जावईबापू मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. दुरुस्ती तोवर छापलीत तर उपकार होतील. कालची पुरवणी मी सध्या गादीखाली ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, सातारा