मामांच्या पदकाबद्दल

प्रिय दिन्या,

फोनवर सांगितलं असतं, पण बोलता बोलता हे अर्धवट राहिलं असतं आणि तू शाळेजवळच्या मामांच्या दगडावर वीर चक्र कोरायचा मजकूर देऊन मोकळा झाला असतास, म्हणून लिहायला बसलोय. शांतपणे वाच. तू पाठवलेले मामांच्या पदकाचे फोटो काल रात्री मोठे करून करून बघितले. ते वीर चक्र नाहीये रे. तो पूर्वी स्टार आहे.

वीर चक्र गोल असतं, चांदीचं, त्या गोलावर पाच टोकांचा तारा आणि मधे चक्र, आणि रिबन अर्धी गडद निळी, अर्धी भगवी. मामांचं पदक म्हणजे आख्खा ताराच आहे, ब्रॉन्झचा, मधे राजमुद्रा. दोन्हीकडे तारा, त्यामुळे घरात कोणीतरी कधीतरी वीर चक्र म्हणालं असणार आणि तेच चालू राहिलं. कोणी खोटं बोललं नाही, मामा तर या विषयावर तोंडच उघडायचे नाहीत. पूर्वी स्टार ७१ च्या युद्धात पूर्वेच्या आघाडीवर जे होते त्यांना मिळालं, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. ते सेवेचं पदक, एकट्यानं केलेल्या शौर्याचं नाही.

तरी नुसत्या फोटोवरून तुला असं सांगायला मन धजेना. शौर्यपदक असेल तर भारताच्या राजपत्रात नाव येतंच, हुद्दा, नंबर आणि खाली त्या माणसानं नक्की काय केलं त्याचा परिच्छेद. म्हणून ७१ च्या शौर्यपदकांची जी यादी मी जुळवतोय तिच्या चार वर्षांच्या सगळ्या फाइली परत काढल्या, मामांचं आडनाव जेवढ्या प्रकारे इंग्रजीत लिहिता येईल तेवढ्या प्रकारे शोधलं, कारण चुका तिथेच होतात. एका टाइप केलेल्या यादीत मला महावीर चक्रवाले सामंत चक्क सावंत झालेले सापडले होते, इंग्रजीत एका अक्षराचा फरक, पण कोकणातल्या माणसाला विचार सामंत आणि सावंत एकच का म्हणून! मोहन नारायण राव सामंत, करंज पाणबुडीचे पहिले कमांडिंग ऑफिसर, २०१९ मध्ये मुंबईत गेले. आणि हुद्द्याचाही घोळ आहेच. पदक मिळालं तेव्हा ते कमांडर होते, रिटायर झाले कॅप्टन म्हणून, आणि नंतरच्या याद्या सर्रास कॅप्टन लिहितात. नियम साधा आहे, त्या दिवशी जो हुद्दा होता तोच लिहायचा.

हे उगाच कीस काढण्यासारखं वाटतं ना? मलाही आधी वाटायचं. पण त्याच सामंतांच्या ताफ्याचं बघ. पद्मा आणि पलाश या मुक्तिबाहिनीच्या दोन गनबोटी, सोबत आपल्या नौदलाची पनवेल नावाची बोट, मोंगला बंदर करून खुलनाकडे निघाल्या होत्या, आणि १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी शत्रूच्या समजून पद्मा-पलाशवर हल्ला केला. दोन्ही गेल्या. पनवेलचे लेफ्टनंट कमांडर नरोन्हा यांना महावीर चक्र मिळालं, आणि लीडिंग सीमन चिमण सिंगना, जे स्वतः जखमी असताना पाण्यात बुडणाऱ्यांना धरत होते आणि मग पकडले गेले. नौदलाची त्या युद्धातली महावीर चक्रं आठ, त्यात अधिकारी नसलेला हा एकटा. आणि पलाशच्या इंजिनरूममधले रुहुल अमीन त्याच दिवशी गेले, बांगलादेशचे बीरश्रेष्ठ, म्हणजे तिथलं सर्वोच्च शौर्यपदक, सातांपैकी नौदलाचे एकटेच. आता आपल्या यादीत तारीख एका दिवसानं चुकली की ही माणसं एकमेकांपासून तुटतात, वाचणाऱ्याला कळतच नाही की हे सगळे एकाच नदीत, एकाच दिवशी होते. म्हणून मी भारताचं आणि बांगलादेशचं राजपत्र शेजारी शेजारी ठेवून बघतो.

मामा त्यात कुठेच नाहीत. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण तुझ्यापासून लपवणार कसं.

आता दुसरं सांगतो. मामी म्हणतात मामा विक्रांत या विमानवाहू जहाजावर बॉयलररूमला होते. ७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेलेले, वेग सोळा नॉटच्या आसपासच मिळायचा, आणि तशाच अवस्थेत तिला बंगालच्या उपसागरात नेली. ४ डिसेंबरपासून तिच्यावरची सी हॉक विमानं कॉक्स बाजार, चितगाववर हल्ले करायला लागली. विमान फेकणारं कॅटापुल्ट वाफेवर चालतं, आणि ती वाफ खालून येते. कॅप्टन स्वराज प्रकाशना महावीर चक्र मिळालं, सी हॉकच्या स्क्वाड्रनचे संतोष कुमार गुप्तांना मिळालं, दोघांनाही मिळायलाच हवं होतं. पण तडे गेलेल्या बॉयलरशेजारी वाफ सांभाळत बसलेल्यांना पूर्वी स्टार मिळाला, आणि मला तो तारा बघून वीर चक्र बघितल्यावर होतं तसंच झालं.

आठवतंय, विक्रांत मुंबईत म्युझियम होती तेव्हा मामा आपल्याला घेऊन गेलेले? आपण वर विमानांभोवती पळत होतो आणि ते खाली जायच्या जिन्याजवळ भिंतीला तळहात टेकवून उभे होते, कितीतरी वेळ, तू चल चल म्हणून त्यांचा शर्ट ओढलास तरी हलले नाहीत. २०१४ ला दारूखान्यात ती तोडली तेव्हा मला पहिल्यांदा ते आठवलं.

म्हणून शाळेजवळच्या दगडावर वीर चक्र लिहू नको, हात जोडतो. उद्या कोणी तपासलं तर मामांचं खरं होतं तेही खोटं ठरेल. "आय.एन.एस. विक्रांत, पूर्वी स्टार, १९७१" एवढं लिही.

पण थांब, तेही आत्ता लगेच नको. विक्रांतचं आपल्याकडे फक्त मामींच्या तोंडून आहे, आणि पदकावर कोरलेल्या आडनावात एक अक्षर कमी दिसतंय. ट्रंकेत मामांचे नेव्हीतून सुटतानाचे कागद असतील, कुठल्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत ते त्यात लिहिलेलं असतं. मामींना विचारून त्या पानाचा सरळ, उजेडात काढलेला फोटो पाठव, नंबर आणि तारखा नीट दिसू देत. डिसेंबर ७१ समोर विक्रांत दिसलं की त्याच दिवशी मजकूर लिहून पाठवतो. दगडवाल्याला तोवर थांबायला सांग, त्याला काही ॲडव्हान्स द्यायचा असेल तर अर्धा माझा धर.

मामींना नमस्कार सांग. हे त्यांना कसं सांगायचं ते तूच ठरव, मी यायला हवं असेल तर शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतो.

तुझा,
अवी