ते पाणी ओतून देऊ नका हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जपानी सूपची रेसिपी वाचली, बाकी बरी होती पण वाळलेले शिताके मशरूम गरम पाण्यात भिजवा आणि 'पाणी ओतून द्या' असं छापलंय तिथं मला राहवलं नाही. अहो सगळी चव त्या पाण्यातच असते की!

मुलानं पुण्याहून पाकीट आणलं तेव्हा मी पण आधी हेच केलं, कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी सरळ मोरीत, आणि सूप झालं निव्वळ फुळकवणी. दुसऱ्यांदा गार पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले, सकाळी छान फुगले, देठ चामट राहतात ते कापले, आणि पाणी वरच्यावर अलगद ओतून घेतलं कारण तळाला थोडी कचकच असते. तेच सूपला वापरलं. काय सांगू, मटणाच्या अळणी रश्श्यासारखी चव!

ह्याला ते लोक उमामी म्हणतात. 1908 साली इकेदा नावाच्या जपानी प्राध्यापकांनी कोंबूच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ती चव वेगळी काढली, तो ग्लुटामेट, अजिनोमोटो त्यातूनच आलं. शिताकेत उमामी चव देणारा दुसरा पदार्थ असतो, ग्वानिलेट, आणि दोन्ही एकत्र आले की चव नुसती दुप्पट नाही, कितीतरी पट वाढते, म्हणून तिकडं दोन्ही पाणी एकाच भांड्यात घालतात.

आता सगळ्यालाच हे लागू नाही हां. ते काळं कानासारखं मशरूम मिळतं त्याला स्वतःची चव फारशी नसतेच, नुसतं कुरकुरीत लागतं, त्याचं पाणी खुशाल टाका. आपली सुकट सुद्धा आपण भाजून, पाण्यात घोळून, वाळू खाली बसवूनच घेतो. पण सांडगे? ते तेलात परतून थेट रश्श्यात जातात, तिथंच भिजतात, म्हणून तर रस्सा एवढा लागतो. सोलापुरात उन्हाळाभर गच्चीवर वाळवण घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी ही चूक छापली नसती.

तर पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती टाका एवढीच विनंती. परवा वाटीभर पाणी उरलं होतं ते मी तुरीच्या आमटीत ढकललं, कुणाला बोलले नाही, आमच्या ह्यांनी कडक भाकरी कुस्करून तीनदा आमटी वाढून घेतली.

आपली एक वाचक,
सोलापूर